बदरोद्दीन पेंटरची पोटदुखी

जुन्या जालन्यात धान्याच्या आडतीवरची किंवा कापडाच्या दुकानावरची कुठलीही जुनी पाटी बघा, खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'बदर पेंटर' असतं. म्हणजे असायचं. आता तिथं फ्लेक्स असतो आणि फ्लेक्सवर हात जोडलेल्या माणसांची गर्दी. तरीही बदरोद्दीनभाईंचं दुकान चालू आहे. ट्रॅक्टरची ट्रॉली, पाण्याचा टँकर, शाळेची भिंत, असल्या जागी फ्लेक्स टिकत नाही. बदरोद्दीनभाई टिकतात.

माणूस दिलदार. शिडी मागा, शिडी देतील. वर चहा पाजतील. फक्त एका नावानं त्यांच्या पोटात दुखतं. आदिनाथ.

हा आदिनाथ वाटूरचा. ऐन पंचविशीत भाईंच्या दुकानात अक्षरं शिकायला आला होता. त्याची ओळ सरळ सुरू व्हायची आणि शेवटाला उतारावरच्या बैलगाडीसारखी घरंगळायची. डेअरीच्या पाटीवर त्यानं म्हैस काढली, तर लोक आत येऊन सोफासेटचा भाव विचारू लागले. शेवटी एक दिवस तो चित्रकलेच्या कॉलेजात जातो म्हणाला. जाताना आठवण म्हणून दुकानातली एक जुनी फळी मागून घेतली.

"ने बाबा," भाई म्हणाले, "खोलीवर भांडे ठेवायला व्हईल." आणि त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

त्याच आदिनाथचा मध्यंतरी फोन आला. "उस्ताद, मुंबईला आधुनिक कलेच्या म्युझियममधे माझं काम लागलंय. भाभींना घेऊन या."

रहिमाबींनी ही बातमी दुपारच्या आत गल्लीभर केली. घरात नवराबायकोची बोली उर्दू. पण टोमणा मारायचा असला की रहिमाबी मराठीवर येतात. तो आठवडाभर त्या मराठीतच होत्या.

"कुठल्या कुठं गेलं बघा पोरगं. माझ्या हातची खिचडी खाऊन गेल्तं."

"खिचडी तर मीबी खाऊन राह्यलो ना, लगीन झाल्यापासून."

"मंग तुमी कुठं गेले?"

याचं उत्तर म्युझियममधे मिळेल अशी भाईंची खात्री होती. शुक्रवारी दुकान बंद असतं, तेव्हा आदल्या संध्याकाळीच दोघं गाडीत बसले. भाईंनी मनाशी पक्कं केलं होतं: त्या पोराच्या चित्रासमोर उभं करून रहिमाबींच्या तोंडून एकदा वदवून घ्यायचं, की दोघांत खरा पेंटर कोण.

सुरुवात तर झकास झाली. म्युझियमच्या दारातली पाटी स्टिकरची होती आणि अक्षरांतलं अंतर कमीजास्त. भाईंचा चेहरा उजळला. आत पहिल्याच दालनात गंजक्या सळ्यांचा ढीग रचून ठेवला होता.

"असे ढीग आपल्या एमआयडीसीत पडलेत. वॉचमनबी न्हाई त्याला."

"म्हनूनच तिथं कुनी बघत न्हाई," रहिमाबी म्हणाल्या.

पुढं भिंतभर कॅनव्हास होता, नुसता पांढरा. "हे अस्तर मारलंय," भाईंनी निकाल दिला. "पेंटर जेवायला गेला आसंल."

आणि मग आदिनाथचं काम आलं.

उंच, अरुंद, लाकडावर केलेलं. शेंदरी रंगाचे जाड थर, त्याखालून डोकावणारा हिरवा, मधेच निळ्याचा एक फटकारा अर्ध्यात तुटलेला. वरून नेमका उजेड सोडलेला. समोर कॉलेजच्या दोन मुली श्वास रोखून उभ्या होत्या. रहिमाबीही उभ्या राहिल्या, आणि गप्प राहिल्या. ही घटना भाईंच्या संसारात दुर्मीळ होती.

"ह्याला म्हन्तेत हात," शेवटी त्या म्हणाल्या. "कुठं भीती न्हाई, कुठं अडखळनं न्हाई. बिलकुल मोकळा. तुमचं अक्षर कसं, हवालदारावानी उभं."

भाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. लाकडाच्या कडेला खिळ्यांची दोन भोकं होती, आणि एक कोपरा तुटका. तो त्यांच्याच दुकानाच्या शटरखाली सापडून तुटला होता.

ही तर ती फळी! रंग बदलताना ब्रश आधी या फळीवर पुसायचा, मग घासलेटात बुडवायचा. सारी उमेदीची वर्षं भाईंनी या फळीवर ब्रश पुसला होता. तिच्याकडं एकदासुद्धा न बघता.

आता ओरडावं तर काय ओरडावं? चोरी म्हणावी, तर फळी आपल्याच हातानं दिलेली. माझं काम आहे म्हणावं, तर जन्मभर घोटलेली अक्षरं राहिली बाजूला आणि म्युझियममधे लागलं ते आपलं पुसणं! पण बायको ज्याला वाहवा देत होती तो हात आपला होता, हे गिळून बसणं त्याहून अवघड.

"हे मी केलंय," ते हळूच म्हणाले.

"इतकं जळू नका जी. लोक बघून राह्यले."

"अगं, ते खालचं गुलाबी बघ! आपल्या दाराचं!" भाईंनी बोट नेलं, तसा वॉचमन खाकरला.

रहिमाबी वाकल्या. ते गुलाबी कुठल्या डब्यात मिळत नाही. आपल्या निकाहच्या ओढणीशी जुळेपर्यंत त्यांनी भाईंना तो रंग पुन्हापुन्हा कालवायला लावला होता. त्या बराच वेळ वाकून राहिल्या. मग सरळ झाल्या. भाईंनी छाती पुढं काढली. आता येणार ते वाक्य.

"म्हंजे इतके वर्ष चांगलं चांगलं तुमी फळीवर पुसलं," रहिमाबी म्हणाल्या, "आन् उरलेलं पाट्यांवर लावलं?"

बाहेर पायरीवर बसले असताना आदिनाथचा फोन आला. "उस्ताद, कसं वाटलं?"

"बरं हाय. वर डावीकडं जरा घाई झाली."

"तिथं मी हातच लावला न्हाई, उस्ताद. कुठंच लावला न्हाई."

"मंग तू केलं काय?"

"आडवी व्हती ना दुकानात? मी उभी केली."

परतीच्या गाडीत भाई जालन्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होते. फळी डोळ्यासमोर रोज आडवी होती. उभी करायचं आपल्याला कसं सुचलं नाही?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्याबरोबर त्यांनी नवी फळी ठोकली. उभी. राजूरचे धर्मराज ट्रॉलीवर नाव टाकून घ्यायला आले होते. भाईंनी 'ध' लिहिला आणि ब्रश पुसायला वळले. पुसला. दोन पावलं मागं सरकून एक डोळा मिटून बघितलं. जवळ जाऊन पिवळ्याचा हलका हात दिला. पुन्हा मागं आले. निळा जरा तोडून बघितला.

"भाई," धर्मराज म्हणाले, "माझं नाव ट्रॉलीवर टाकून राह्यले का फळीवर?"

तेवढ्यात रहिमाबी चहा घेऊन आल्या. त्यांनी चहा ठेवला, कमरेवर हात ठेवून फळीकडं नीट बघितलं आणि मान हलवली.

"न्हाई जी," त्या म्हणाल्या. "आदिनाथवाली बात न्हाई."