सुचिताच्या लग्नाची डिस्क

लक्ष्मीकांत राहाटे यांच्या कपाटात ठेवलेली वस्तू हरवत नाही, असा सगळ्या गोतात लौकिक होता. मूळ गाव वडनेर भोलजी. नोकरी बुलढाण्याला, तीही एका कचेरीच्या अभिलेख कक्षात. जपून ठेवणे हाच पोटाचा धंदा, आणि पुढे तोच स्वभावही झाला. कुणाची मार्कशीट, कुणाचा शेताचा नकाशा, कुणाचे वडिलांच्या नावाचे प्रशस्तिपत्र, असे काहीबाही घेऊन नातेवाईक गावाकडून यायचे. चहा प्यायचे, वस्तू त्यांच्या हवाली करायचे आणि मोकळ्या हाताने निघून जायचे. निवृत्तीनंतरही हा ओघ थांबला नाही. लग्नांच्या व्हिडिओच्या डिस्का तर डझनावारी जमल्या होत्या. "लक्ष्मीकांतजवळ देल्लं म्हणजे देवाजवळ देल्लं," असे त्यांची मोठी बहीण बेबीताई म्हणायची.

त्याच बेबीताईचा आदल्या संध्याकाळी फोन आला होता. ती जळगाव जामोदजवळच्या एका खेड्यात दिलेली. तिचे यजमान निवृत्तीराव दोनेक वर्षांपासून विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग वावराची वाट, मग माणसे. आता त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट उरली होती. मुलगी लग्नाची झाली आहे आणि स्थळ मिळत नाही. सुचिताचे लग्न होऊन बरीच वर्षे लोटली होती. तिला अकोल्याला दिले होते, तिची मुलगी ओवी आता कॉलेजात जात होती. पण निवृत्तीराव रोज सकाळी टोपी घालून मुलगा पाहायला निघायचे. दोनदा तर बसमध्ये बसून परगावी पोचले आणि पोलिसांनी आणून सोडले.

"आन् मांगच्या महिन्यात काय झालं सांगू का," बेबीताई फोनवर म्हणाली. "सुचिता भेटाले आली. तं तिलेच हात जोडून म्हणतात, बाई, तुमच्या पाह्यण्यात एखांदा पोरगा असन तं सांगा, आमची सुचिता गुणाची हाय. पोरगी उलट्या पावली गेली रे लक्ष्मीकांत. मले म्हणे, आई, मी आता नाही येत."

नाक ओढून ती पुढे बोलू लागली.

"उद्या त्यायले दवाखान्यात आणून राह्यलो बुलढाण्याले. दुपारी तुया घरी येतो. तुयाजवळ सुचिताच्या लग्नाची शिडी हाय ना? थे दाखव त्यायले. सोताच्या डोयानं पाह्यतीन तं पटन."

"तुमच्या घरची कुठं गेली?"

"थे कवाचीच वावरात टांगली, पाखरं उडवाले. चमकत होती ना. तुयाजवळ हाय म्हणून टांगली."

त्यांनी ठामपणे सांगितले, "ये तू. डिस्क आहे."

सकाळी आंघोळ उरकून त्यांनी कॉम्प्युटरवरचे विणलेले झाकण घडी घालून बाजूला ठेवले. मुलगी मंजुश्री शिकत होती तेव्हाचा तो कॉम्प्युटर. ती पुण्याला नोकरीला गेली आणि तो इथेच राहिला. डिस्क आत सरकवली. घर्रर्र, घर्रर्र असा आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला. पडद्यावर एक चौकट उमटली, फाईल उघडता येत नाही. त्यांनी चौकट बंद केली आणि पुन्हा उघडून पाहिली. तीच चौकट.

त्यांनी मंजुश्रीला फोन लावला.

"बाबा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची," ती म्हणाली. ही शिकवण खरे तर त्यांचीच होती. "दुसरी एखादी डिस्क टाकून बघा आधी."

त्यांनी पुतण्याच्या लग्नाची टाकली. तीही घरघरली. तिसरी टाकली, तीही तशीच. मग त्यांनी कॉम्प्युटरबरोबर आलेली जुनी डिस्क, जी कधीच कपाटात गेली नव्हती, ती टाकली. ती सुरळीत उघडली.

"म्हणजे मशीन ठीक आहे, प्लेअर ठीक आहे," मंजुश्री म्हणाली. "तुमच्या कपाटातल्याच डिस्कांना काहीतरी झालंय. चमकत्या बाजूला काही आहे का बघा."

लक्ष्मीकांतरावांनी सुचिताच्या लग्नाची डिस्क उताणी करून खिडकीपाशी धरली. चमकत्या बाजूवर, मधल्या भोकाच्या जरा वर, बोटभर रुंदीचा लाल-पिवळा डाग वाळून बसला होता. त्याच्या कडेला तांदळाचा एक दाणा चिकटलेला होता.

अक्षतेचा दाणा होता तो.

दरवर्षी दसऱ्याला घरातली पुस्तके, मंजुश्रीच्या जुन्या वह्या, हत्यारे पाटावर मांडून पूजा व्हायची. कपाटातल्या डिस्काही विद्येचाच भाग, म्हणून त्याही मांडल्या जायच्या. पत्नी शारदाबाई ओले कुंकू लावू लागल्या तेव्हा लक्ष्मीकांतरावांनीच त्यांचा हात धरला होता. "वरून नको लावू, नवरा-नवरीचे फोटो आहेत, नावं आहेत, खराब होतील. मागून लाव, कोरी बाजू आहे." आणि मग दरवर्षी, शिस्तीने, एकेक डिस्क उलटी करून त्यांनीच पुढे धरली होती.

"बाबा? काही आहे का?"

"कुंकू आहे," ते कसेबसे म्हणाले.

पलीकडे मंजुश्रीला हसू फुटले आणि तिने ते आवरले. "पुसू नका हं एकदम! मऊ कापड, थोडं पाणी, आणि मधून बाहेर, सरळ. गोल फिरवायचं नाही."

पण ते गोल फिरवून पुसतच होते. कुंकू निघाले, पण त्यातल्या बारीक कणांनी डिस्कवर चंद्रकोरीसारखे ओरखडे उठवले. त्यांनी फोनवर ते सांगितले नाही.

शारदाबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. नवऱ्याचा चेहरा पाहून म्हणाल्या, "काय झालं व?"

"आपण सगळ्या गोताची लग्नं पुसून ठेवली."

त्यांना सगळे समजायला वेळ लागला. समजल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "मग ताईले फोन करून सांगा ना."

"काय सांगू? पूजा करून वाट लावली म्हणून?" ते बायकोवर खेकसले. असे ते सहसा खेकसत नसत.

मंजुश्रीने दुसरा मार्ग सांगितला. डिस्कवरून थेट पाहू नका, आधी फाईल कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. जिथे अडेल तिथे 'सोडून द्या' असे म्हणा. तेवढा तुकडा जाईल, बाकीचे मिळेल. लक्ष्मीकांतरावांनी नक्कल करायला लावली. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. चौथाईपाशी अडली. आतून दात खाल्ल्यासारखा आवाज येत राहिला. पुन्हा सरकली, पुन्हा अडली. प्रत्येक वेळी ते 'सोडून द्या' दाबत होते. यात नेमके काय सुटत आहे, हळद की वरात की कन्यादान, हे कळायला मार्ग नव्हता. जपून ठेवणाऱ्या माणसाने न पाहता टाकून द्यायचे, ही त्यांना शिक्षाच होती.

पट्टी टोकाला लागते न लागते तोच फाटक वाजले.

निवृत्तीराव पांढऱ्याशुभ्र धोतरात, टोपी नीट बसवून आत आले. अंगाने अजून धडधाकट, फक्त नजर कशावर ठरत नव्हती. मागून बेबीताई, हातात दवाखान्याची पिशवी.

"या दाजी, बसा."

"बसाले नाही आलो, लक्ष्मीकांत भाऊ," निवृत्तीराव म्हणाले. "पोरगा कुठं हाय? बेबी म्हणे बुलढाण्याले पोरगा हाय. नोकरीवाला हाय का?"

बेबीताईने भावाकडे पाहिले. तिला दुसरे काही सांगून त्यांना घराबाहेर काढताच आले नसावे. ती हळूच म्हणाली, "लाव थे."

"ताई, जरा अडचण आहे," लक्ष्मीकांतरावांनी सुरुवात केली. "डिस्क थोडी..."

"काऊन? तुयाजवळच व्हती ना?"

त्या प्रश्नात आरोप नव्हता, हेच जास्त झोंबले. त्यांनी खुर्ची ओढली, दाजींना पडद्यासमोर बसवले आणि फाईल उघडली.

चित्र आले! मांडव, झालरी, केळीचे खांब. सनईवाले गाल फुगवून वाजवत होते. बेबीताईच्या तोंडून "अगं बाई" निघाले. बायका हळद लावत होत्या, मध्येच चित्र तुटत होते, रंग ओघळत होते, पुन्हा जुळत होते. मग गुलाबी फेटा बांधलेले, छाती काढून पाहुण्यांना टिळा लावणारे निवृत्तीराव दिसले.

"पाहा!" बेबीताई पुढे झुकली. "पाहा, कोन हाय हा?"

निवृत्तीरावांनी डोळे बारीक केले. "कोन का माहीत. लयच मिरवून राह्यला बुवा."

"अवं, तुमीच हाय थे!"

"मी?" ते हसले. "माया डोक्शावर कवा फेटा व्हता वं? येडी झाली काय तू? मले सिनेमा नोको दाखवू. पोरगा दाखव." आणि ते उठू लागले.

"सुचिता येईन आता, तिले तं पाहा," बेबीताई त्यांचा हात धरून म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "थांबा ना जरासे!"

पडद्यावर आंतरपाट धरला गेला. दोन्हीकडचे मामा उभे राहिले. नवरीच्या मुंडावळ्या दिसल्या, चेहरा वर होणार, एवढ्यात चित्र चौकटी-चौकटीत फुटले आणि थिजले. हिरवे, जांभळे ठोकळे. लक्ष्मीकांतरावांनी मागे नेले, पुढे नेले. तेच ठोकळे. दहा वेळा 'सोडून द्या' म्हटले होते त्याची ही फळे. आवाज तेवढा चालू राहिला. मंगलाष्टके म्हणणाऱ्या गुरुजींचा खणखणीत आवाज, मागे माणसांची गडबड, कुठेतरी रडणारे पोर.

"ताई, चित्र गेलं," ते म्हणाले. "माझ्याच हातानं गेलं. मी..."

त्यांनी आवाज बंद करायला माऊसकडे हात नेला. शारदाबाईंनी तो वरच्यावर धरला.

निवृत्तीराव दाराकडे निघाले होते, ते मध्येच थांबले होते. पडद्याकडे त्यांची पाठ होती. मान कललेली, कान लागलेला. गुरुजींनी कडवे संपवून 'सावधान' म्हटले, तशी त्यांची उजवी मूठ आपोआप उघडली आणि हवेत रिकामी फेकली गेली. मग त्यांनी तळहाताकडे पाहिले.

"तांदूळ कुठं हाय?" ते रागाने म्हणाले. "लगन लागून राह्यलं आन् बापाच्या हातात तांदूळ नाही?"

शारदाबाई धावत स्वयंपाकघरात गेल्या. डब्यातून मूठभर तांदूळ आणले, त्याला हळद लावायलाही थांबल्या नाहीत. दाजींच्या ओंजळीत घातले, बेबीताईला दिले, नवऱ्याच्या हातात कोंबले.

पुढचे कडवे संपले. 'सावधान!' निवृत्तीरावांनी अक्षता टाकल्या, त्या दारावर जाऊन आपटल्या. बेबीताईने टाकल्या. लक्ष्मीकांतराव आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या स्वच्छ फरशीवर तांदूळ उधळत होते. दर कडव्याला त्यांच्या मनात धाकधूक, आवाजही आता तुटला तर? मध्ये एकदा तुटलाच. गुरुजींचा शब्द अर्ध्यात गिळला गेला. निवृत्तीरावांची मूठ वरच्या वर राहिली. मग आवाज खरखरत परत आला, शेवटचे कडवे झाले, ताशा कडाडला, माणसांचा गलका उठला.

निवृत्तीराव हळूच खाली बसले, तिथेच, फरशीवर. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ढसाढसा रडू लागले. पोरीच्या लग्नात बाप रडतो तसे, लाज न बाळगता.

"लागलं," ते म्हणाले. "लागलं एकदाचं. बेबी, पाहुन्यायले वाढा आता. कोनाले उपाशी जाऊ देऊ नोका."

शारदाबाईंनी पाने घेतली. ते पोटभर जेवले. निघताना लक्ष्मीकांतरावांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "तुमी लय धावपळ केली, भाऊ." लक्ष्मीकांतरावांना ते हात सोडवून घ्यावेसे वाटले.

पाहुणे गेल्यावर त्यांनी गोतातल्या एकेकाला फोन लावले. ज्यांच्या ज्यांच्या डिस्का होत्या, त्या सगळ्यांना काय झाले ते न लपवता सांगितले. कुणी हसले, कुणी चिडले. एका वहिनींनी फोनच आपटला.

चार-सहा दिवसांनी बेबीताईचा फोन आला. लक्ष्मीकांतरावांनी भीत भीत विचारले, "पुन्हा पोरगा पाहायला निघाले का?"

"नाही रे. आता नवंच. रोज म्हणतात, पोरीले सासरी जाऊन इतले दिवस झाले, माहेरी काऊन नाही आणली? मूळ धाडा, तिले आणाले मानूस पाठवा." ती थकून हसली. "मी म्हनलं, हे बरं हाय. पोरगा कुठून आणू मी? पोरगी तं आणता येते. सुचिताले रडून-पडून बलावलं. आज येऊन राह्यली. पण तिले पाहून पुन्हा बाईबिई म्हणले तं थे पोरगी मरन रे... थांब, थांब. रिक्शा आली वाटते."

तिने फोन तसाच चालू ठेवला असावा. लक्ष्मीकांतराव कानाला लावून उभे राहिले. फाटकाची कडी वाजली. चपलांचा आवाज. मग निवृत्तीरावांचा, संशयाने भरलेला, "कोन हाय?"

पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी, बाबा. सासरून आली."

लक्ष्मीकांतरावांनी डोळे मिटून घेतले.

"एकटीच?" निवृत्तीराव म्हणाले. "जवाई काऊन नाही आले?"