अपवाद पुढील पानावर

कॉलेजच्या पहिल्या वर्षी आम्हाला 'लेखन कौशल्ये' नावाचा विषय होता आणि त्याची एक पुस्तिका होती. ती प्रभावीपणे कशी वापरावी, हे सांगण्यातच सरांचा पहिला महिना गेला. शंका आली की पुस्तिका उघडा, असं ते रोज सांगत. पण शंका यायला निदान थोडं तरी यावं लागतं. मला काहीच येत नव्हतं, त्यामुळे शंकाही येत नसत.

मी रावेरकडची, केळीच्या पट्ट्यातली. मावशी धुळ्यात देवपूरला राहते म्हणून तिथल्या कॉलेजात आले. आमच्याकडे बोलताना ळ चा य होतो. शाळेला शाया, केळीला केयी, डोळ्याला डोया. पहिल्याच दिवशी मी वर्गात 'आमच्या शायेत' म्हणाले आणि सगळा वर्ग खिदळला. साक्रीकडची एक मुलगी सगळ्यात जोरात हसली. ती स्वतः घरच्यांशी फोनवर अहिराणीत 'बठ्ठं चांगलं शे', म्हणजे सगळं चांगलं आहे, असं म्हणायची, पण हसताना ते तिच्या लक्षात नसायचं. त्या वर्षी मला एकच गोष्ट हवी होती. माझ्या बोलण्यावर परत कुणी हसू नये.

पुस्तिकेच्या बेचाळिसाव्या पानावर मला औषध सापडलं. 'बोलीतील य च्या जागी लिहिताना ळ लिहावा.' खाली शाळा, केळी, डोळा अशी उदाहरणंही होती. मी त्या पानाची झेरॉक्स काढली आणि मावशीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. तळाशी बारीक अक्षरात 'अपवाद पुढील पानावर' असं छापलेलं होतं. पण अपवाद हे हुशार मुलांसाठी असतात अशी माझी समजूत होती, म्हणून पुढच्या पानाची झेरॉक्स काही मी काढली नाही.

दिवाळीनंतर पालक सभा ठरली. तिच्यात वाचायला एक निबंध हवा होता. सरांनी विषय तोंडीच सांगितला, 'माझी माय'. विषय मातीतला हवा आणि भाषा धुऊन वाळवलेली हवी, असं पुस्तिकेचंच धोरण होतं. मला वाटलं, सर मुद्दाम बोलीत सांगून आमची परीक्षा घेताहेत. आमच्या घरी आईला माय म्हणतात आणि गळ्यातल्या माळेलाही मायच म्हणतात. म्हणजे लिहिताना दोन्ही माळच, हे उघड होतं. शंका तिळमात्र आली नाही. तेव्हा पुस्तिका उघडायचा प्रश्नही आला नाही.

निबंध लिहून झाल्यावर मी कपाट उघडं ठेवून ओळ न् ओळ तपासली. जो य गावाकडचा वाटला, त्याचा ळ केला.

सरांनीही निबंध तपासले. त्यासाठी पुस्तिकेत मागे एक तक्ता होता. शीर्षक आहे का, समास सोडला आहे का, परिच्छेद पाडले आहेत का, समारोप आहे का. सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा माझ्याच निबंधाला मिळाल्या. वाचला आहे का, अशी चौकट त्या तक्त्यात नव्हती. माझा निबंध निवडला गेला.

सभेला माय आली. पहाटे निघून, जळगावला गाडी बदलून, नव्या लुगड्यात. कॉलेजच्या फाटकातच मी तिला बजावलं, "इथं कोणाशी बोलू नको हं. लोक हसतात." ती बरं म्हणाली आणि दुसऱ्या रांगेत तोंडाला पदर लावून बसली.

मी माइकसमोर उभी राहिले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "माझी माळ पहाटे चार वाजता उठते. माझी माळ आधी गाळीचं दूध काढते. दिवसभर केळीच्या बागेत राबून माझ्या माळेचे पाळ दुखतात."

आधी मागून कुणीतरी फिसकलं. मग सगळा हॉल हसला. सरांनी घाईघाईनं पुस्तिका उघडली. मला अजूनही कळत नव्हतं की चुकलं कुठे. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेत माय उभी राहिली. तोंडावरचा पदर तिनं खाली घेतला होता.

"हसता काय?" ती म्हणाली. "आमच्याकडे गयात घालतो ती बी माय, अन् जलम देते ती बी माय. पोरीनं दोघीले एकच नाव दिलं. काय चुकलं तिचं?"

साक्रीच्या त्या मुलीचे आबा शेवटच्या रांगेतून मोठ्यानं म्हणाले, "बराबर शे, अक्का." सरांना तोवर त्रेचाळिसावं पान सापडलं होतं. त्यावर पहिलाच अपवाद होता, माय.

संध्याकाळी मी मायला बसमध्ये बसवून दिलं. गाडी सुटायच्या आधी तिनं खिडकीतून वाकून, आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते पाहून, हळूच विचारलं, "मी बोलली, ते चाललं ना बाई?"

मला रडू कोसळलं.