मूकुत्तीखालची कातडी

माझ्या जावेला देवनागरी वाचता येत नाही. तंजावरच्या आमच्या मराठी घरात बोलतात सगळे, पण ती लिपी लिहिता-वाचता येणारी मी एकटीच, तीही शाळेत हिंदी शिकवण्यात जन्म गेला म्हणून. तेव्हा मोकळेपणाने लिहिते: मला तिचा हेवा वाटतो. आजचा नाही, ती लग्न होऊन आली त्या दिवसापासूनचा.

ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पन्नाशी उलटली तरी गालावर एक रेघ नाही, आणि तोंडाला काय लावतेस म्हणून विचारलं तर काहीच नाही म्हणते, ते खरंही असतं. राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर आहे. मी खाली राहते, ती वर. माझ्याकडे म्हणून आलेली माणसं माझ्याशी दोन वाक्यं बोलतात आणि कॉफीला वर जातात. सासूबाई शेवटच्या आजारात माझ्या हातचं रसम नको म्हणायच्या, तिच्या हातचं मागायच्या. मी वाटी घेऊन जिना चढायचे आणि तिच्या पातेल्यातलं रसम आणून त्यांना भरवायचे.

माझ्याकडे एकच गोष्ट अशी होती जी तिच्याकडे नव्हती. सात हिऱ्यांची मूकुत्ती. नाकातल्या फिरकीच्या चमकीला आमच्याकडे मूकुत्ती म्हणतात. ही आमच्या घरात थोरल्या सुनेने घालायची, उजव्या नाकपुडीत, आणि एकदा घातली की काढायची नाही. सासरे गेले तेव्हा सासूबाईंनी ती काढून माझ्या हातावर ठेवली. थोरलीला घालणं जमेनासं झालं की धाकटीकडे जाते. तीस वर्षं मी आरशात रोज सकाळी आधी ती बघत आले, मग तोंड.

दोन-अडीच वर्षांपूर्वी मूकुत्तीच्या कडेला एक फोड आला. मोत्याच्या रंगाचा, मध्ये काळसर. टॉवेल लागला की रक्त यायचं, खपली धरायची, पडायची, पुन्हा रक्त. मी त्यावर हळद लावली, खोबरेल लावलं, आणि दोन्हींचा उपयोग होईना तेव्हा सोनाराकडे गेले. मला खात्री होती की फिरकीच्या सोन्यात तांबं जास्त पडलंय. सोनाराने दांडी बदलून दिली. सहा महिन्यांनी पुन्हा गेले, त्याने पुन्हा बदलली. तिसऱ्या वेळी त्या भल्या माणसाने भिंग डोळ्याला लावलं, मूकुत्तीकडे बघितलंच नाही, माझ्या नाकाकडे बघितलं आणि तमिळमध्ये म्हणाला की अम्मा, सोन्यात काही खोट नाही, डॉक्टरला दाखवा.

कातडीच्या डॉक्टरने चिमूटभर तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. आमचे हे तो शब्द ऐकून खुर्चीत बसले ते उठेनात, म्हणून सर्जनकडे माझ्याबरोबर जाऊ आली. तिथेही माझ्या पोटात दुखलंच. नाक माझं, आणि डॉक्टर बोलत होता तिच्याशी.

डॉक्टर तरुण होता, पण घाई करणारा नव्हता. त्याने सांगितलं की हा कॅन्सर अंगभर पसरण्यातला सहसा नसतो, पण आहे तिथेच खोल आणि आडवा खात जातो. डोळ्याला दिसतो तेवढाच काढून भागत नाही, भोवतीची चांगली दिसणारी कातडीही थोडी घ्यावी लागते. काढलेल्या तुकड्याला एका कोपऱ्यात दोरा बांधून लॅबमध्ये पाठवायचा, म्हणजे वरची बाजू कुठली, खालची कुठली ते त्यांना कळतं. एखाद्या कडेला रोग सापडला तर त्या बाजूने पुन्हा कापायचं. जागा मोठी झाली तर गालाची कातडी वळवून ती झाकायची. मग त्याने पेनने माझ्या नाकावर गोल काढला आणि हातात आरसा दिला.

मूकुत्तीचं भोक गोलाच्या आत होतं.

मी विचारलं, एवढं सोडून नाही का कापता येणार? तो म्हणाला, रोग तिथेच आहे, सोडून काय उपयोग. डाव्या नाकपुडीत पुढे कधी टोचून घ्या. आमच्याकडे ती उजवीकडेच घालतात हे त्याला सांगून काय करायचं होतं? मी आरसा परत दिला. मरणाची भीती मला त्या वेळी वाटली नाही, हे आता आठवलं की माझीच मला लाज वाटते. मला दिसत होतं ते जावेचं सरळ, गुळगुळीत नाक आणि त्यावर माझे सात हिरे.

त्यात दोन महिन्यांवर तिच्या मुलाचं लग्न आलं होतं, जवळच्या पापनाशम गावी, मंडपात, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात. घरी येता येता रिक्षातच मी ठरवून टाकलं. एवढी वर्षं काही झालं नाही, आता दोन महिन्यांनी काय बिघडणार आहे. लग्नात थोरली म्हणून मी मूकुत्ती घालून बसेन, मग काय कापायचं ते कापा.

संध्याकाळी जाऊ खाली आली. डॉक्टरला फोन करून पुढच्या मंगळवारची वेळ घेतली म्हणाली. मला न विचारता. माझं डोकं फिरलं.

"लेकाच्या लग्नांत मूकुत्ती तुज पाहिजे, म्हणून माझें नाक घाईनें कापवतेस काय?"

इतकी वर्षं मनात होतं ते तोंडाने पहिल्यांदा बाहेर पडलं. मला वाटलं ती रडेल, किंवा तरातरा जिना चढून जाईल. ती तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

"अक्का, तो फोड मीं दोन वर्षांमागेंच पाहिला," ती म्हणाली. "माझ्या आत्तेस असाच झालेला. बोलावें म्हणून कितीदां खालीं आलें. तुम्ही हेंच म्हणाल म्हणून बोललें नाहीं."

तेच तर मी आत्ता म्हटलं होतं.

मंगळवारी सकाळी मूकुत्ती काढायला बसले तर फिरकी हलेना. शेवटी जावेनेच तेल सोडून ती काढली आणि माझ्या मुठीत ठेवून मूठ बंद केली. भूल नाकापुरतीच होती, त्यामुळे डॉक्टर ओढतोय, कापतोय ते सगळं कळत होतं, दुखत मात्र नव्हतं. जागा मोठी झाली. गालाची कातडी वळवून लावावी लागली. आठवड्याने टाके काढले तेव्हा आरशात जे दिसलं ते सुजलेलं, जांभळं, माझं वाटत नव्हतं. मी जावेच्या तोंडाकडे बघितलं, दया दिसते का म्हणून. दया दिसली असती तर मी तिला कधी माफ केलं नसतं. ती डॉक्टरला टाक्यांच्या जागी मलम कितीदा लावायचं ते विचारत होती.

रिपोर्टही तिच्याच हातात पडला. सगळ्या कडा साफ होत्या. डॉक्टर म्हणाला की आता दर सहा महिन्यांनी दाखवत जा, उन्हात पदर घेऊन हिंडा. मला गप्प बसवेना. दोन वर्षांपूर्वी आले असते तर, म्हणून विचारलं. तो म्हणाला, एवढंसंच होतं तेव्हा, सरळ टाके घालून भागलं असतं, कदाचित भोकही राहिलं असतं.

जाऊ शेजारीच उभी होती. तिला दोष द्यावा असं मला फार वाटलं आणि देता आला नाही.

लग्नाच्या सकाळी मंडपातल्या खोलीत मी मूकुत्ती तिच्या नाकात घातली. माझ्या हातांनी, कारण ती थोरलीनेच द्यायची असते. तिला ती माझ्यापेक्षा शोभली. खोटं कशाला लिहू, आत सगळं भाजून निघालं. बाहेर नादस्वर सुरू झाला होता आणि बायका दारातून डोकावून तिच्याकडेच बघत होत्या. मी तिला सांगितलं की आमच्या घरची रीत राहू दे बाजूला, दर महिन्याला ती काढ आणि खालची कातडी बघत जा.

"मज जवळचें नीट दिसत नाहीं," ती म्हणाली. "तुम्हीच बघा. कांहीं दिसलें तर सांगाल नव्हे, अक्का?"

सांगेन, म्हणाले. पण ते म्हणायला मला जरा वेळ लागला, आणि तो तिच्या लक्षात आला.