भोंगा बंद असताना आलेली हाक

आधीच सांगून टाकते, भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर टरच उडवत आलेय. मी रसायनशास्त्र शिकवते. माहेर-सासर दोन्ही शहादा तालुक्यातलं, तापीकाठच्या शेतकऱ्यांचं. लहानपणी आत्या ज्या चिंचेखाली जाऊ द्यायची नाही, मुद्दाम तिथेच बसून मी चिंचा खायचे. मी असल्या सदरात कधी लिहीन असं कुणी म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं... पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही. घरी सांगायची सोय नाही, नवऱ्याला त्यात फक्त उन्हाचा त्रास दिसतो.

आमच्या कॉलेजात बारावी होऊन पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलींसाठी उन्हाळ्यात एक निवासी वर्ग असतो. थोडं इंग्रजी, थोडं गणित, थोडा कॉम्प्युटर आणि खरं म्हणजे घरापासून लांब राहायची सवय. बहुतेक मुली सातपुड्यातल्या, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या. वसतिगृहाची सगळी जबाबदारी माझ्यावर. खोल्या, पाणी, मेस, भांडणं, रडारड... सगळं. प्रकाशा गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून दोन मजली इमारत. मागे केळीचा मळा आणि मळ्याच्या पलीकडे तापी. बॅरेजच्या बंधाऱ्यामुळे भर मे महिन्यातही तिथे पाणी तुडुंब असतं.

दिवसा मुलींचे मोबाईल कपाटात. मग कुणाला बोलवायचं झालं तर ऑफिसातला माईक आणि गच्चीवरचे दोन भोंगे. कुणाचे आईवडील भेटायला आले की मी पुकारायचे, “अमकी, ये गं गेटवर, घरचे आलेत. चप्पल घालून ये, ऊन आहे.” हे चपलेचं सांगावंच लागायचं, कारण या पोरी तापलेल्या फरशीवरही बिनधास्त अनवाणी धावत. नियम एकच होता, भोंग्यावर नाव आलं की कारण न विचारता यायचं. पहिल्या आठवड्यातच सगळ्या सरावल्या. माझा आवाजही तसा खणखणीत, पोरी त्याची नक्कल करायच्या आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

त्यांच्यातच एक जमुना. मणिबेलीच्या बाजूच्या, नर्मदेकाठच्या पाड्यातली. आधी बोट, मग जीप, मग एसटी असं करत आलेली. घरात बारावीपर्यंत पोचलेली ही पहिलीच. फार कमी बोलायची, पण गणितात अशी चमकायची की तिच्या वडिलांना मी स्वतः शब्द दिला होता, ही पोरगी माझ्या जिवावर सोडा, शिकवून दाखवते.

त्या दिवशी दुपारची जेवणं उरकली होती आणि लाईट गेली होती. पंखे बंद, कूलर बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मुली खालच्या गार खोल्यांमध्ये पसरल्या होत्या. मी मेसच्या स्वयंपाकघरात कमलमावशींसोबत उशिरा जेवायला बसले होते. कमलमावशी म्हणजे आमच्या स्वयंपाकीण, शहाद्याच्याच. दादरची, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीची भाकरी, कांदा आणि ठेचा.

माझ्या तोंडात घास होता. आणि बाहेर माझा आवाज आला.

“जमुना... ये गं. घरचे आलेत. चप्पल काढून ये.”

अगदी माझाच. तोच हेल, ‘गं’वर तसाच जोर. भोंग्यातून येतो तसा थोडा चिरका, पण स्वच्छ. मावशींचा हात भाकरीवर तसाच राहिला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग दाराकडे.

“मॅडम, तुम्ही तं आठे शेतस... मंग बाहेर कोन बोली ऱ्हायनी?”

मी इथे, मग बाहेर कोण बोलतंय, हे मलाही कळेना. पहिला विचार आला, एखादी टवाळ पोरगी ऑफिसात घुसली. पण लाईट नव्हती हो! माईक लागणार कसा? आणि ऑफिसची किल्ली माझ्या कमरेला. मी उठून बोळातून धावत गेले. ऑफिसला कुलूप जसंच्या तसं. कुलपाला हात लावला तर ते उन्हाने तापलेलं. मी तिथे उभी असतानाच आवाज पुन्हा आला, आणि या वेळी गच्चीवरून नाही, इमारतीच्या मागून.

“जमुना... ये गं.”

अंगावर काटा येणं म्हणजे काय ते मला तोवर माहीत नव्हतं. मान गार पडली, त्या असल्या उन्हात.

समोरून रमिला आली, जमुनाच्या शेजारच्या पाड्यातली, तिची खोलीतली मैत्रीण. “मॅडम, जमुनाला कोण भेटायला आलंय?” तिने विचारलं, “तुम्ही बोलावलं तशी ती गेली.”

गेटवर रफिकचाचा होते, आमचे वॉचमन. ते म्हणाले, “आपनेच तो बुलाया ना उसको, मॅडम. मैंने गेट खोल दिया. फिर वो पीछे की तरफ गयी, मैं समझा आप उधर हो.” गेटच्या आत जमुनाच्या चपला होत्या. देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा, एकमेकींना लावून.

मी आणि रमिला केळीच्या मळ्यात शिरलो. आत वारा नाही, नुसता दमट उकाडा आणि पायात वाळलेली पानं. पुढे कुठेतरी माझा आवाज चालला होता. हाका नाहीत आता... गप्पा मारल्यासारखा. शब्द कळत नव्हते, पण मी मुलींना समजावते ना, घर आठवून रडणाऱ्या मुलींना, तो तसा आवाज. रमिलाने माझा हात घट्ट धरला होता. मी भ्याले होते, खोटं कशाला सांगू. परत फिरावं असंही मनात येऊन गेलं. पण तिच्या वडिलांना दिलेला शब्द डोक्यात घणासारखा वाजत होता.

मळा संपला तर समोर नदी. जमुना कमरेइतक्या पाण्यात. पाठ आमच्याकडे. ओढणी पाण्यावर तरंगत होती.

“जमुना!” मी जीव तोडून ओरडले. “थांब! मागे फिर!”

ती पुढे गेली.

“जमुना, अगं इकडे!”

ती आणखी पुढे गेली. पाणी छातीला लागलं. हाकेला ओ देत यावं तशी, निमूट, आज्ञाधारकपणे ती चालत होती... आणि मग माझ्या लक्षात आलं. मी मागून ओरडत होते, पण तिला माझा आवाज पुढून ऐकू येत होता. मी जितकी हाक मारेन तितकी ती आत जाणार होती. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. पोहता मला येत नाही. आयुष्यात इतकं हतबल मला कधी वाटलं नव्हतं.

तेव्हा रमिलाने कूक दिली.

डोंगरात घरं लांब लांब असतात, एक या टेकडीवर तर दुसरं त्या. तिथे एकमेकांना नावाने नाही बोलवत, उंच किंकाळीसारखी एक कूक देतात, शब्दाशिवायची. ज्याची त्याची कूक वेगळी, ऐकणारा बरोबर ओळखतो. रमिलाची कूक पाण्यावरून गेली आणि जमुना थबकली. दुसऱ्या कुकीला तिने मान वळवली. तिसऱ्याला तिच्या घशातून तशीच, अगदी क्षीण, उलट कूक आली. मग एकदम भान आल्यासारखी ती किंचाळायला लागली. रमिला कपड्यांसकट आत शिरली, पाण्यातलीच पोर ती, तिने जमुनाला केसांना धरून ओढत आणलं.

त्या दोघी काठाकडे येत होत्या, माझे दोन्ही हात माझ्या तोंडावर होते, आणि पाण्यावरून माझा आवाज आला.

“जमुना...”

रडवेला. लाडीगोडी लावणारा. मी माझ्या मुलीशीसुद्धा त्या सुरात कधी बोललेले नाही. आम्ही तिघी कशा पळालो ते आम्हालाच माहीत.

जमुनाने नंतर एवढंच सांगितलं, “तुम्ही पुढे होता मॅडम, केळीच्या आड. दिसत नव्हता, पण बोलत होता. पाणी लागलं ते कळलंच नाही.”

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. निरोप कसा पोचला कुणास ठाऊक, मी फोन केला नव्हता. ऑफिसात खुर्ची दिली तरी बसले नाहीत. त्यांना मराठी बेताचीच येते. जमुना शेजारी उभी होती. त्यांनी एकच विचारलं.

“हाक कोणी मारली?”

मला त्या प्रश्नाचा अर्थ माहीत होता. रमिलाने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की हाक बिनमाणसाची असली तर पोरीला घरी नेऊन पुजाऱ्याकडे बसवतात, आणि मग तिला पुन्हा नदी ओलांडू देत नाहीत. म्हणजे शिक्षण संपलं. मी जमुनाकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती, आणि तिच्या हाताची मूठ इतकी आवळलेली होती की बोटं पांढरी पडली होती.

“मीच मारली,” मी म्हणाले. “मी मळ्याकडे होते. तिला नीट कळलं नाही, ती नदीकडे गेली. माझी चूक झाली.”

त्यांनी एकदा जमुनाकडे पाहिलं. मग म्हणाले, “तुमचीच हाक ना? मग राहू दे.” आणि गेले.

दार लागलं तशी जमुना हळूच म्हणाली, “मॅडम, बाबाला खोटं का सांगितलं?”

“तुला शिकायचंय ना?”

“शिकायचंय.” तिने मळ्याकडे मान वळवली. “पण पाण्यातली ती ऐकत असंल ना. आता तिला वाटंल, तुम्ही तुमचा आवाज तिला देऊन टाकला.”

मी तिला रागावले. काय वाटेल ते बोलू नकोस म्हणाले. आणि रात्रभर दिवा चालू ठेवला.

माझा सगळ्या बाजूंनी विचार करून झालाय. नक्कल म्हणावं तर कमलमावशी, रफिकचाचा, रमिला आणि अख्ख्या वसतिगृहाने ऐकलेला आवाज नदीच्या मधोमध कोण काढणार? उन्हाचा भ्रम म्हणावा तर तो सगळ्यांना एकदमच कसा झाला? कुणाला उत्तर माहीत असेल तर खरंच सांगा, मी हसणार नाही. ते भोंगे मी उतरवून ठेवले. आता कुणाला बोलवायचं तर एखाद्या मुलीला पाठवून बोलवते.

जमुना आता दुसऱ्या वर्षाला आहे, वर्गात पहिली येते. माझ्या तासाला पहिल्याच बाकावर बसते. मी शिकवत असते तेव्हा बाकीची मुलं फळ्याकडे बघतात. ती माझ्या ओठांकडे बघत असते.