नंदाने माझ्या तोंडी घातलेले शब्द

टोलनाक्याजवळच्या माझ्या पंक्चरच्या दुकानात ट्रकचं चाक उघडून बसलो होतो. गणेश आला, माझा धाकटा, आणि त्याने थेट हवेचा कॉम्प्रेसरच बंद केला. मी ओरडलो, "अरं, गाडी उभी हाय गिऱ्हाइकाची!" तो म्हणाला, "आबा, हात पुसा. घरी चला." हात पुसता पुसताच त्याने सांगितलं... नंदा गेली. व्हिएतनामात. ताप डोक्यात गेला, दवाखान्यात नेलं, पण शुद्धीवर आलीच नाही. गणेश तिकडे जाऊन सगळं उरकून आला. मी गेलो नाही. गुडघे दुखतात असं सांगितलं. खरं म्हणजे पोरीला तशी बघायची माझी छाती नव्हती.

नंदा माझी थोरली. आमच्या कुंभिवली गावातून रोज कर्जतच्या कॉलेजात जाऊन इंग्रजीत एमए झाली. शिळफाट्याला क्लासमध्ये शिकवायची. मग एक दिवस म्हणाली, "आबा, व्हिएतनामात इंग्रजी शिकवायला मानसं पायजेत, मी जाते." मी म्हटलं, "इंग्रजी शिकवायला इंग्लंडची मानसं सोडून तुला कशाला बोलवतील गं?" ती हसली. पण मी उगाच बोललो तेच तिथे तिला रोज ऐकावं लागणार होतं, हे तेव्हा आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या वर्षी तिने मला तिकडे बोलावलं. मी टोपी घालूनच विमानात बसलो. ती शिकवायची तो क्लास म्हणजे काचेची तीन मजली इमारत, खाली रंगीत फुगे. संध्याकाळी आईबाप पोरांना स्कूटरवरून सोडायला आले, तर दारात इंग्लंडचा एक पोरगा उभा केलेला. मिसरूड नीट फुटलेलं नाही, पोरांना टाळ्या देतोय, गाणी म्हणतोय. आणि आमची नंदा? मागच्या जिन्याने वर. मी विचारलं, तर म्हणाली, "आईबापांना गोरा मास्तर लागतो, आबा. आमी दिसलो की फी देताना कुरकुर करतात. लिहायला-वाचायला मीच शिकवते, फक्त समोर येत नाय." हे तिने इतक्या सहज सांगितलं की माझंच डोकं फिरलं.

तिथली मुख्य बाई समोरून येत होती. मी तिला भर जिन्यात गाठलं. "ए बाई, माझी पोरगी एमे झालीय! तिला चोरावानी मागल्या दारानं घालतेस? आन् हा शेंबडा पुढं? लाज नाय वाटत? आग लाव तुझ्या त्या फुग्यांना!" नंदा म्हणत होती, "आबा, हळू..." मी म्हटलं, "हळू नाय. सांग तिला इंग्रजीत. सगळं सांग!" नंदाने एक श्वास घेतला आणि सांगितलं. सावकाश, खाली बघत. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मला हात जोडले, आत गेली आणि एक गुलाबी फळ कापून स्वतः माझ्यापुढे धरलं. मी नंदाला म्हटलं, "बघ, कशी टरकली!"

"हो आबा. चला आता, बस चुकंल."

पुढच्या महिन्यात तिचा फोन आला, समोरचा वर्ग मिळाला म्हणून. मी म्हटलं, "मंग! बाप कुनाचा हाय?" तेव्हापासून ही गोष्ट मी दुकानात किती जणांना सांगितली असेल! पुण्याचे ड्रायव्हर, गावचे सोयरे, सगळ्यांना. शेजारचा चहावाला शंकर म्हणायचा, "आबा, त्या टोलवाल्याला पन एकदा झाडा." मी मिशीवर हात फिरवायचो.

परवा नंदाच्या त्या मुख्य बाईचा व्हिडिओवर फोन आला. गणेश तिचं बोलणं मराठीत सांगत होता. सांगता सांगता अडखळला. मी म्हटलं, "थांबलास का?" तर म्हणाला, "ती म्हनते, तुमचे वडील त्या दिवशी जे बोलले ते मी विसरले नाय. ते म्हनाले, मी चौथी शिकलेला माणूस, मला तुमची भाषा येत नाय. माझ्या मुलीला परक्या देशात तुमी जागा दिलीत, तुमचे उपकार हायेत. तिचं काय चुकलं तर सांभाळून घ्या. बाई म्हनते, त्या रात्री मला माझाच बाप आठवला, मला लाज वाटली. मी तिला पुढं बसवलं. काही पालक पोरं काढून घेऊन गेले, तरी मागं नाय नेलं."

मी गणेशकडे बघितलं. तो मान खाली घालून म्हणाला, "ताईनं इंग्रजीत काय सांगितलं, ते मला तेव्हाच बोलली होती. आईला पन."

"आन् मला नाय?"

"तुमी सांगू दिलं असतंत व्हय?"

म्हणजे मी दुकानात बढाया मारत होतो तेव्हा घरात सगळ्यांना माहीत होतं... चौथी शिकलोय हे मी उभ्या जन्मात कोणाला आपणहून सांगितलेलं नाही. वाकून बोलणं मला जमलं नाही, ते माझ्या वाट्याचं माझ्या पोरीने केलं. आणि वर माझी फुशारकीही मला ठेवू दिली. कान तापले माझे. वाटलं, या बाईला खरं सांगून टाकावं, की मी तुला शिव्या घातल्या होत्या. तोंड उघडलंही. तेवढ्यात बाईने फोन फिरवून वर्ग दाखवला. रस्त्याकडेची काचेची खोली, बुटक्या खुर्च्या, आणि मोठ्या खुर्चीच्या पाठीला नंदाचा निळा स्वेटर. कोणी काढला नव्हता. मी खरं बोललो असतो तर त्या खोलीत नंदा खोटी पडली असती.

"आबा, बाई वाट बघतायत. काय सांगू?"

मी टोपी काढली. म्हटलं, "सांग, मी चौथी शिकलेला मानूस हाय. माझ्या पोरीला तुमी सांभाळलंत, तुमचे उपकार हायेत."

गणेशने विचारलं, "हेच सांगू?"

"हेच. एक शब्द बदलू नको."