कानवाल्या बाईंचे चौऱ्याहत्तर टक्के

"किटली ओरडतेय," नवरा आतल्या खोलीतून म्हणाला. मग दारात येऊन उभा राहिला. "अगं, कधीची ओरडतेय. आणि तू तिच्या शेजारीच उभी आहेस."

"विचारात होते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी गॅस बंद केला.

त्या कसल्याही विचारात नव्हत्या. त्यांना शिट्टी ऐकूच आली नव्हती. वाफ दिसत होती. वाफेबरोबर यायचा तो आवाज मात्र नव्हता. भिंतीवरचं जुनं चित्र काढून नेल्यावर उरते तसली एक फिकट जागा तेवढी होती.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर घरात चार दिवस थट्टा होऊन विषय संपला असता. पण बाईंचं पोट कानांवर होतं. पाणीपुरवठा खात्यात बावीस वर्षं त्या रस्त्याखालच्या नळांची गळती ऐकत होत्या. छातीएवढ्या उंचीची पोलादी कांब, तिच्या वरच्या टोकाला पितळी चकती. कांब झडपेवर टेकवायची, चकती कानाला लावायची. आसपास कुठे नळ फुटला असेल तर कांबीतून एक बारीक 'स्स' वर चढत येतो. तो ऐकून बाई रस्त्यावर खडूने फुली मारत आणि मुकादमाची माणसं तिथे खणत. बरोबरीचे ऐकणारे एकेक करून निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. खात्यात बाईंना नावाने हाक मारायची पद्धतच उरली नव्हती. कानवाल्या बाई, एवढंच.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी काढलेला आलेख डावीकडून बरा चालत आला होता आणि उजवीकडे जिन्यावरून घसरल्यासारखा खाली गेला होता.

"बारीक, उंच आवाज आधी जातात," त्या म्हणाल्या.

"माझे किती दिवस आहेत?"

"अहो, दिवस कसले? दोन वर्षं. फार तर तीन."

"आणि कानात मशीन बसवलं तर?"

"माणसांचं बोलणं नीट ऐकू येईल. तुमच्या पाण्याचं मात्र मी काही सांगू शकत नाही."

बाई बाहेर पडल्या आणि बसथांब्यावर बराच वेळ उभ्या राहिल्या. आपल्यामागे हे ऐकणं कुणाकडे जाणार? लिहून ठेवण्यासारखं ते नव्हतं. 'स्स' या अक्षरात ते मावत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्या विद्यापीठात गेल्या. तिथे एक वर्षाचा अभ्यासक्रम होता: रोजच्या कामातले प्रश्न मशीन लर्निंगने कसे सोडवायचे. बाईंकडे इंजिनिअरिंगची जुनी पदविका होती, ती चालली. शिकवणाऱ्या सरांची अट एकच, तयार माहिती वापरायची नाही. प्रत्येकाने आपला प्रश्न घरून आणायचा आणि त्याची माहिती स्वतःच्या पायांनी गोळा करायची. मुलाखतीला कुणी शेअरबाजार आणला होता, कुणी सामन्यांचे निकाल. बाईंनी कांब टेबलावर आडवी ठेवली.

"हिला ऐकायला शिकवायचंय," त्या म्हणाल्या.

"किती दिवसांत?"

"मला ऐकू येतंय तोवर."

सरांनी कांब उचलून पाहिली, चकती उगाच कानाला लावली आणि प्रवेशाच्या कागदावर सही केली.

सत्तेचाळिसाव्या वर्षी गणित परत शिकणं म्हणजे मोडलेला हात परत जोडून घेणं. आठवड्यातून तीन सकाळी वर्ग, उरलेले दिवस ड्यूटी. घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर वही उघडी. तिच्यावर हळदीचे डाग, डागांखाली मॅट्रिक्स. नवरा छापखान्यात कामाला, तो रद्दी कागदांचे गठ्ठे आणून द्यायचा. "कर बाई बेरजा," तो म्हणायचा. "आमच्याकडे वाया गेलेला कागद कधी संपत नाही." पहिल्या परीक्षेत बाईंना शंभरापैकी एकतीस मिळाले. त्यांनी ते पान ओट्यावरच्या खिळ्याला अडकवलं आणि त्यातलं एकेक गणित पुन्हा केलं. दुसऱ्या परीक्षेत एकोणसाठ. एकदा सरांनी फळ्यावर डोंगरउतार काढून सांगितलं, की यंत्र चूक कमी करत करत असं पायरीपायरीने खाली येतं. बाईंनी हात वर केला.

"मध्येच खड्डा लागला तर? पाणी तिथेच साचतं. त्याला वाटतं, पोचलो आपण."

सर खडू हातात धरून थांबले. "हा धडा पुढच्या महिन्यात होता," ते म्हणाले. वर्ग हसला, आणि त्या दिवसापासून मागच्या बाकावरची पोरं शंका घेऊन बाईंकडे यायला लागली.

प्रकल्प जोडीने करायचा होता. बाईंच्या वाट्याला एक विशीतली मुलगी आली. तिची बोटं कीबोर्डवर अशी फिरत, की वर्गात तिला भिंगरी म्हणत. तिने पहिल्याच दिवशी बाईंना मावशी करून टाकलं.

बाईंनी चकतीवर रबराने एक छोटा माइक बसवला. रोज ड्यूटीवर झडपेगणिक वीस सेकंदांचा आवाज आणि पुढे आपला शेरा: हो किंवा नाही. पाच महिन्यांत एकवीसशे आवाज झाले. भिंगरीने ते यंत्राला दिले, थोडे परीक्षेसाठी बाजूला ठेवले. पहिला निकाल आला तेव्हा ती खुर्चीवरून उठलीच.

"मावशी! अठ्ठ्याण्णव टक्के!"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. बातमी खात्यात पोचली आणि मुख्य अभियंत्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावून चक्क खुर्ची दिली. पुढच्या महिन्यापासून सगळ्या शहरात हेच यंत्र, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. बाई त्या संध्याकाळी पायी घरी आल्या. एवढं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

सर तेवढे निकालाचा कागद पुन्हा वाचत होते. "अभिनंदन," ते म्हणाले. "पण इतका चांगला निकाल बघितला की मला शंका येते. यंत्र कुठे कान देतंय ते बघून या."

ते बघायची एक रीत त्यांनी शिकवली होती. आवाजाचं चित्र काढायचं आणि यंत्राने ज्या भागावर भरवसा ठेवला तो भाग उजळ करायचा. भिंगरीने वीस-पंचवीस चित्रं पडद्यावर लावली. उजळ भाग वरच्या पट्टीत यायला हवा होता, कारण गळतीचा आवाज उंच असतो आणि सलग असतो. तो आला होता खाली. चार-चार सेकंदांच्या अंतराने एक बुटकी टेकडी. 'नाही' म्हटलेल्या प्रत्येक चित्रात त्या टेकड्या होत्या. 'हो' म्हटलेल्यांत नव्हत्या.

"पंप असेल का गं एखादा?" बाई म्हणाल्या.

"सगळ्या रस्त्यांवर?"

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. जमिनीखालचं काहीच असं चार-चार सेकंदांनी चालत नाही. मग त्यांनी हात छातीवर ठेवला आणि मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली.

"हा माझा श्वास आहे," त्या म्हणाल्या.

त्यांना ज्याने हे काम शिकवलं त्या म्हाताऱ्याची पहिली शिकवण होती: शंका आली की श्वास रोख. बावीस वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की आपण श्वास रोखतो हे बाई विसरून गेल्या होत्या. गळती आहे असं वाटलं की त्या थांबत. नाही असं वाटलं की श्वास चालू राही, आणि गालाशी टेकलेल्या चकतीवरून तो माइकमध्ये उतरे. यंत्र हुशार होतं. पाणी ऐकायची तसदी त्याने घेतलीच नव्हती. ते बाईंकडे बघून उत्तर लिहीत होतं.

भिंगरीला रडू फुटायचं बाकी होतं. "मावशी, सरांना सांगू या ना, की बघितलं आणि ठीक आहे. आपला पहिला नंबर आहे. आणि यंत्र चालेलच की, तुम्ही कांब धरलीत की झालं!"

"आणि मी नसले की?"

भिंगरीने पडद्यावरची चित्रं एकेक करून बंद केली.

बाईंनी तिथूनच मुख्य अभियंत्यांना फोन लावला. पलीकडून साहेब खूप वेळ काहीबाही बोलत होते. शेवटी ते म्हणाले, "बरं, मग अठ्ठ्याण्णवचे किती धरू?"

"आज शून्य धरा साहेब."

एकवीसशे आवाज गेले. अभ्यासक्रमाचे उरले होते साडेतीन महिने, आणि डॉक्टरीणबाईंच्या नव्या आलेखात रेघ आणखी एक पायरी खाली आली होती. बाईंनी कामाची रीतच बदलली. आधी चकती कानाला लावून ऐकायचं, शेरा लिहायचा. मग कांब तीन पायांच्या तिकाटण्यात उभी करून आपण दहा पावलं लांब जायचं आणि माइकला एकट्याला ऐकू द्यायचं. प्रत्येक झडपेला दुप्पट वेळ. बाई सकाळी सहाला निघत. सुटीच्या दिवशी भिंगरी तिकाटणं घेऊन येई. रस्त्यावरून जाणारे थांबून विचारत, "काय मोजताय?" भिंगरी सांगे, "शांतता." तिची गाडी आता रुळावर आली होती.

परीक्षेसाठी त्यांनी असे रस्ते निवडले, की जिथला एकही आवाज यंत्राने आधी ऐकलेला नव्हता. निकाल आला चौऱ्याहत्तर टक्के.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक नाराज दिसले. "इतरांचे नव्वदच्या पुढे आहेत."

"असतील," बाई म्हणाल्या. "आमचे चौऱ्याहत्तर आहेत, पण ते पाण्याचे आहेत."

परीक्षकांनी वही पुढे ओढली. "तुम्ही 'हो' म्हटलंत, ते खणून खरं ठरलं. मान्य. पण ही 'नाही' कशावरून 'नाही'?"

"माझ्या कानावरून. 'नाही' म्हटलेल्या जागी कुणी खणत नाही." मग क्षणभर थांबून, न विचारताच त्यांनी सांगितलं, "आणि माझा कान जातोय साहेब. ते अहवालाच्या शेवटच्या पानावर लिहिलंय."

सर खिडकीबाहेर बघू लागले. बाई पास झाल्या, वर्गात अकराव्या. खात्याला त्यांच्या कानांची गोष्ट अहवालातूनच कळली.

यंत्र खात्यात आलं ते खांद्याला अडकवायच्या एका डब्यात बसून, बाईंच्या सोबतीला. तिसऱ्या आठवड्यात दवाखान्यामागच्या गल्लीत एका झडपेवर ते म्हणालं, गळती आहे. बाईंनी चकती कानाला लावली. श्वास रोखला. दुसरा कान लावला. काही नव्हतं.

"कुणाचं ऐकू?" मुकादम म्हणाला. "माझी माणसं तुमच्या फुलीवर खणतात, डब्याच्या नाही."

बाईंनी खाली वाकून खडूने फुली मारली.

चार फुटांवर माती ओली लागली. सहा फुटांवर जुन्या सांध्यातून पाणी पातळ पंख्यासारखं उडत होतं. मुकादमाने खड्ड्यातून वर पाहिलं. "अंधारात तीर लागतो कधीकधी," तो म्हणाला. "मनावर घेऊ नका बाई."

पाणी उडताना दिसत होतं, आणि बाईंना त्याचा आवाज येत नव्हता. त्या खड्ड्याच्या काठावर बसल्या. वही काढून त्यांनी मागची पानं उलटली.

"सांधा केवढा झिजलाय बघ, ही जुनी गळती आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात मी याच झडपेवर 'नाही' लिहून गेलेय."

"मग?"

"मग माझी सगळी 'नाही' परत बघायची. निदान तिकाटणं लावल्यापासूनची. चारशे बारा आहेत." त्यांनी यंत्राचा पट्टा खांद्यावर घेतला. "पहिली इथून दोन गल्ल्यांवर आहे. येतोस?"

"आत्ता? जेवणाची वेळ झालीय!"

"तू जेव," बाई म्हणाल्या. "डबा ऐकेल, मी लिहीन. खणायची वेळ आली की फोन करते."

मुकादम खड्ड्यातून वर आला आणि त्याने हात पँटला पुसले. बाई तोवर गल्लीच्या टोकाला पोचल्या होत्या. त्याने मागून हाक मारली, त्यांना ती ऐकू गेली नाही. मग तो फावडं उचलून त्यांच्यामागे धावला.