बिनखिळ्याचं चर्च

शारजाच्या वर्कशॉपात माझ्या शेजारच्या टेबलावर एक रोमानियाचा सुतार होता. मी खिळा उचलला की त्याचं तोंड वाकडं व्हायचं. मग मोडक्या हिंदीत सुरू, "मेरा गाव, लकडी का चर्च, पाँच सौ साल, एक कील नहीं." त्याच्या गोष्टीत ते चर्च जाळायला कधी तुर्क यायचे, कधी तातार. त्याचा मूड असेल तसं. मी म्हणायचो, "हबीबी, तुम्हारे गाव में लोहार नहीं होगा."

माझी बायको गावी वारली. पासपोर्ट मालकाकडे, त्यामुळं मला जाता आलं नाही. या रोमानियावाल्यानं काही समजूत घातली नाही. कागदावर तिचं नाव तेवढं लिहून घेतलं आणि महिनाभरानं सुट्टीवर गेला.

परत आल्यावर त्यानं फोटो दाखवला. त्यांच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावानं चर्चच्या छपराला फळी बसवतात. जुन्या काळ्या छपरात एक नवीकोरी फळी होती, माझ्या बायकोच्या नावाची. मी पडलो सुतार, माझी नजर नको तिथं गेली. फळीत खिळा चमकत होता.

"ये क्या?"

"वो उधर नई है," तो खाली बघत म्हणाला. "हवा में हिलनी नहीं चाहिए."

त्यानंतरही गिऱ्हाइकापुढं तो ऐटीत "एक कील नहीं" म्हणायचा. मी मान खाली घालून रंदा मारत राहायचो.